ही नोंद आई यांनी धरली आहे

रविवार, २८ फेब्रुवारी १९९९

दिवाळीनंतर या वहीत एक ओळ नाही. माफी मागायची तर कुणाची? वही बोलत नाही, आणि वाचणारी मी एकटीच. तरी स्वतःला शिस्तीची म्हणवणाऱ्या बाईने वही इतके महिने साड्यांच्या खाली दडपून ठेवावी, हे काही बरं नाही.

थोडक्यात सांगायचं तर कारखान्याने संगणक विभाग पुण्याला हलवला आणि मी पुण्याला गेले नाही. गंगापूर रोडवर एका लाँड्रीच्या वर खोली भाड्याने घेतली, पाटी लावली. खालून दिवसभर गरम इस्त्रीचा वास येतो, तो मला आवडतो. विभागातली हर्षाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही नाही तर मीही नाही." पंचविशीची मुलगी, घरी लग्नाचं बघतायत, आणि माझ्या भरवशावर नोकरी सोडून आली. तिचा विचार मनात आला की पाठ ताठ होते.

पहिलं मोठं काम मिळालं आहे. पंचवटीत रायत्यांचं दुकान आहे: शेतीपंप, पाइप आणि त्यांचं सगळं जोडसामान. कै. सहादू रायते विंचूरहून येऊन इथे बसले, आता तीन मुलं चालवतात. खाली दुकान, मागे गोदाम, वरच्या मजल्यांवर सगळं कुटुंब. आजवर एकाच संगणकावर बिलं व्हायची. आता क्लायंट-सर्व्हर करायचं आहे. मी त्यांना असं समजावलं, की माळ्यावर एक मोठं यंत्र बसेल, तो सर्व्हर. सगळ्या मालाचा हिशेब त्याच्या पोटात. दोन काउंटर आणि गोदाम इथे लहान यंत्रं. ती फक्त विचारणार, सर्व्हर सांगणार. एकच पंप दोघांनी दोन गिऱ्हाइकांना कबूल करायचा घोटाळा संपेल.

"म्हणजे आपल्या आईसारखं," धाकटा महेश म्हणाला. "वर बसून सगळ्यांना सगळं सांगायचं."

सगळे हसले. हे काम नीट उतरलं तर पेठेतले आणखी दोन दुकानदार विचारणार आहेत. नाही उतरलं तर हर्षालीला काय सांगायचं?

मंगळवार, ९ मार्च

केबल टाकून झाली. एकच लांब वायर सर्व्हरपासून निघून तिन्ही यंत्रांना शिवत जाते आणि दोन्ही टोकांना बुचं लागतात.

आज नावांचा प्रश्न निघाला. प्रत्येकाने आपापल्या नावाने यंत्रावर बसायचं, म्हणजे प्रत्येक बिलावर आणि प्रत्येक दुरुस्तीवर कोणी, केव्हा केली हे आपोआप नोंदलं जाईल. मी यावर फार मेहनत घेतली आहे. कारखान्यात "मी नाही, त्याने" हे ऐकून माझे कान किटले होते.

थोरले यादवराव मात्र म्हणाले, "नाव कशापायी, ताई? बिलावर दुकानाचं नाव हाये की."

"चूक झाली तर कोणाची ते कळायला."

"चूक झाली तर दुकानाची."

"दादा, जमाना बदलला," मधला चंदर म्हणाला. त्याला हे सगळं मनापासून आवडलेलं दिसतं. मला तो जवळचा वाटला.

यादवराव पन्नाशीचे असतील. पडद्यापुढे बसले, मान पुढे काढली, मागे घेतली. म्हणाले, "ही अक्षरं मुंग्यांवानी दिसत्यात. जरा मोठी नाय का करता यायची?"

संदेश मराठीत दिसावेत म्हणून मी मुद्दाम खास फाँट घेतला, आणि त्यावर ही दाद! अक्षरं मोठी केली तर वस्तूचं पूर्ण नाव एका ओळीत बसत नाही, आणि तिन्ही पडदे सारखेच हवेत, असं सांगितलं. ज्याला नवी गोष्ट नको असते तो अशी काहीतरी खोट काढतो. कारखान्यात हे किती पाहिलं! पण मी जरा तुटकपणे बोलले का? बहुतेक हो.

गुरुवार, १८ मार्च, पाडवा

मला एक एप्रिल हवा होता. नवं आर्थिक वर्ष, शिवाय चाचण्या पुऱ्या झाल्या असत्या. वरून वत्सलाबाईंचा, म्हणजे या तिघांच्या आईचा निरोप आला: "या पाडव्याला नाय तर मंग पुढच्या पाडव्याला." बाई खाली उतरत नाहीत, गुडघे दुखतात. निरोप उतरतात.

म्हणून आज सुरू केलं. तिन्ही पडद्यांना साखरेच्या गाठी, सर्व्हरला हळदकुंकू, यूपीएसवर कडुलिंबाची डहाळी. पहिलं बिल यादवरावांनी केलं, एका फूटव्हॉल्व्हचं. एका बोटाने, पडद्याला जवळजवळ नाक लावून. बराच वेळ लागला. पण छापून आलं तेव्हा त्यांनी तो कागद वर आईकडे पाठवला आणि वरून पेढे आले.

दुपारी सगळं एकदम बंद. तासभर शोधलं. झाडताना केबलच्या टोकाचं बूच निघालं होतं. ही या जोडणीची खोडच आहे. एका ठिकाणी सुटलं की तिघंही ठप्प. बूच बसवलं आणि सगळे परत बोलायला लागले. मला इतकं बरं वाटलं की यूपीएसला नमस्कार करून निघाले. हर्षाली पाहून हसली.

मंगळवार, २३ मार्च

कुलपाबद्दल लिहायला हवं. एखादी वस्तू एकाने पडद्यावर उघडली की ती त्याच्यापुरती कुलूपबंद होते. तो सोडेपर्यंत दुसऱ्याला बिल करता येत नाही. हे बरोबरच आहे, नाहीतर पुन्हा एक पंप दोघांना. तोवर दुसऱ्याच्या पडद्यावर माझा संदेश येतो: "ही नोंद यादव यांनी धरली आहे. कृपया थांबा."

तिथे बहुतेक वेळा यादवच असतात. ते वस्तू उघडतात आणि बसून राहतात. गिऱ्हाइकाशी विहिरीबद्दल बोलतात, पडद्याकडे पाहतात, पुन्हा बोलतात. आज चंदर भर दुकानात ओरडला, "ओ दादा, सोडा की! तीन इंची एल्बो धरून बसलात!"

गिऱ्हाइकं हसली. यादवरावही हसले. दुपारपर्यंत "दादा, सोडा!" हे दुकानाचं पालुपद झालं. हमाल बारकूसुद्धा पाइपांचा भारा उचलताना म्हणाला.

परतताना हर्षाली म्हणाली, "मॅडम, संदेशातून नाव काढू या का? नुसतं 'कृपया थांबा' पुरे."

मी म्हटलं, जो थांबतो त्याला कोणासाठी थांबतोय हे कळण्याचा हक्क आहे. ती "बरं" म्हणाली. मला वाटतं, तिला पटलं.

मंगळवार, ३० मार्च

रोज संध्याकाळी दुरुस्त्यांचा कागद छापून निघतो. कोणतं बिल रद्द झालं, कोणता माल परत आला, मूळ नोंद कोणाची. जवळजवळ पानभर यादवरावांचं नाव असतं. एक इंचीच्या जागी सव्वा इंची, डाव्या आट्याच्या जागी उजव्या. आणि बहुतेक वेळा यादीतली नेमकी वरची किंवा खालची ओळ.

पूर्वीही हे होत असणार. महेशला विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईक माघारी यायचं, मी गोदामातून बदलून द्यायचो. संपलं."

"पण चूक कोणाची ते?"

"ते कोण इचारतंय, ताई?"

आता चंदर कागद मोठ्याने वाचतो. आज म्हणाला, "दादा, मेरिट लिस्टमध्ये आज पण तुम्हीच पहिले." यादवराव हसले, उठले, हात धुवायला मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. महेशने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी बोलले होते. मी एक शब्दही बोलले नव्हते. कागदात खोटं काही नाही.

यादवरावांना पुन्हा शिकवणी दिली. चमत्कारिक आहे. मी यादी वाचून दाखवली की बरोबर सांगतात, एकदाही चुकत नाहीत. स्वतः पाहून करायला सांगितलं की घसरतात. याचा अर्थ एकच, लक्ष नाही. मनातून त्यांना हे यंत्र नको आहे. मला माणसं वळवून घेता येत नाहीत, हा माझा दोष.

बुधवार, ७ एप्रिल

रविवारपासून यादवराव दुकानात नाहीत. विंचूरला गेलेत. "शेताकडं बघतो जरा," एवढंच सांगून. या दिवसांत शेतात बघायला काय असतं, मला माहीत नाही. गहू काढून झाला असेल.

त्यांच्या काउंटरवर आता महेश बसतो. दुरुस्त्यांचा कागद चार ओळींचा झाला. माझी यंत्रणा पहिल्यांदाच जशी चालायला हवी तशी चालते आहे, आणि मला आनंद व्हायला हवा. पण बाकावर शेतकरी येऊन बसतात, "दादा कुठंय?" विचारतात, आणि दादा नाही म्हटलं की "मंग येतो नंतर" म्हणून उठतात.

दुपारी चंदर मला चहाला बाहेर घेऊन गेला. कप संपवला. मग म्हणाला, "ताई, एका सर्व्हरवर दोन दुकानं बसतील का?"

"विंचूरला शाखा काढताय?"

"नाही. इथंच. एक माझं, एक दादा-महेशचं. माल अर्धा-अर्धा."

मी म्हटलं, "बसतील. अवघड नाही."

किती पटकन म्हणाले मी! खरंच अवघड नाही. प्रत्येक वस्तूला एक खूण जोडायची, हा माल या दुकानाचा, तो त्या दुकानाचा. परत येताना पायऱ्या चढताना लक्षात आलं, की हा माणूस मला वाटणी करून मागतो आहे आणि मी त्याला ती जमेल म्हणून सांगून आले. कागदावरच्या एका नावाने हे झालं? का आधीपासूनच होतं आणि कागदाने फक्त दाखवलं? मला दुसरं खरं असावंसं वाटतं. म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही.

रविवार, ११ एप्रिल

सकाळी वाटणीच्या कामाचा आराखडा करायला बसले. किशोर कॉलेजचे पेपर तपासत होता. म्हणाला, "एवढं काय मन लावून चाललंय?"

"रायत्यांची वाटणी."

"तू कधीपासून वकील झालीस?"

मी त्याला सगळं सांगितलं. नवरा पडला फिजिक्सचा माणूस, दोन दोऱ्या ओढल्या तर गाठ कुठे बसेल ते बघतो. म्हणाला, "आईच्या वाट्याला कोणतं दुकान?" मी म्हटलं, आई यंत्रावर बसत नाहीत, त्यांचा प्रश्न येत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.

"गॅसवर दूध कोणी ठेवलं होतं?" मी विचारलं.

"गेलं उतू," तो म्हणाला, उठला आणि ओटा पुसून आला. मग माझ्या लक्षात आलं की दूध मीच ठेवलं होतं. त्याला ते माहीत होतं. बोलला नाही. नोंद असावी म्हणून इथे लिहून ठेवते.

आराखडा पुरा झाला. चांगला झाला आहे. मला तो आवडत नाही.

गुरुवार, १५ एप्रिल

आराखडा चंदरला द्यायला गेले. म्हणाला, "आखाजी होऊ द्या, ताई. आईला अजून सांगितलं नाही." अक्षय्य तृतीया रविवारी आहे. त्याने आराखडा हातातसुद्धा घेतला नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं. कामाचा माणूस म्हणून मी नि:पक्ष असायला हवी.

हर्षालीला गोदामातल्या यंत्रापाशी ठेवलं होतं, तर ती जागेवर नाही. बारकू म्हणाला, "मॅडम वर गच्चीवर हायेत. कुरडया घालायला."

गच्चीवर गेले. उन्हात साड्या अंथरलेल्या, त्यावर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा. वत्सलाबाई सावलीत खुर्चीवर, आणि आमची प्रोग्रामर कोपरापर्यंत चिकात हात घालून सोऱ्या दाबते आहे!

"पोरीचा हात चांगला हाये," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला येतात का हो, बाई?"

"मला वेळ मिळत नाही," मी म्हटलं.

"मंग खायला तरी येतात का?"

परत येताना हर्षालीला जरा बोललेच. कामाच्या वेळात हे शोभत नाही. ती म्हणाली, "मॅडम, आई आपल्या सॉफ्टवेअरबद्दलच विचारत होत्या."

"काय विचारत होत्या?"

"हेच, की यंत्राला माणूस ओळखू कसा येतो. तोंड बघून का नाव ऐकून."

या वयात एवढं कुतूहल! मला खरंच कौतुक वाटलं. म्हटलं, "सोप्या शब्दांत सांगितलंस ना?"

"अगदी सोप्या," हर्षाली म्हणाली.

सोमवार, १९ एप्रिल

आज माझी झोप उडवणारी गोष्ट. संध्याकाळचा कागद निघाला आणि त्यावर एकच नाव. प्रत्येक बिल, प्रत्येक दुरुस्ती, वरपासून खालपर्यंत: आई. आई. आई. काउंटरवर पाइप विकणारी आई. त्याच मिनिटाला गोदामातून मोटार सोडणारी आई. दुसऱ्या काउंटरवर तिसऱ्याच गिऱ्हाइकाचं बिल रद्द करणारी आई.

मला वाटलं, सर्व्हर बिघडला. मग पाहिलं, तिन्ही यंत्रांवर सगळे "आई" या नावाने बसले होते.

महेश म्हणाला, "काल आखाजीचं जेवताना आईनं सांगितलं. उद्यापासून सगळ्यांनी माझ्या नावानं बसायचं. दादा पण होते जेवायला."

"यादवराव आलेत?"

"आलेत. वर हायेत. खाली नाय उतरत."

पण हे नाव यंत्रात आलं कुठून? नवं नाव फक्त प्रशासकाला घालता येतं, आणि प्रशासकाचा परवलीचा शब्द मला आणि हर्षालीला सोडून कोणाला माहीत नाही. हर्षालीला विचारलं. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, मागे चाचणीला तुम्ही एखादं नाव केलं असेल का?" केलं असेल. पाडव्याच्या घाईत काय काय केलं, मला नीट आठवत नाही. चाळिशीनंतर हे असं होतं म्हणतात. सर्व्हरची नोंद उघडून पाहिली, तर नाव घालणारा "प्रशासक". आम्ही दोघी त्याच एका नावाने बसतो. हे मात्र बरोबर नाही. दोघींची वेगळी नावं करायला हवीत.

वर जाऊन वत्सलाबाईंना भेटले. म्हटलं, "आई, हे चालणार नाही. यंत्रात खोटी नोंद होते."

त्या शेंगा निवडत होत्या. "बाई, दुकानाच्या परवान्यावर नाव कोणाचं?"

"तुमचं."

"बिलावर खाली काय छापतं ते तुमचं मशीन?"

"मालक, वत्सलाबाई सहादू रायते."

"मंग त्यात खोटं काय झालं?"

मी जिना उतरले.  

गुरुवार, २२ एप्रिल

आजचं सगळं लिहून ठेवते.

संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी कागद निघाला. चंदरने सवयीने उचलला आणि वाचायला सुरुवात केली, "आज सर्वांत जास्त चुका..." आणि थांबला.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. वत्सलाबाई एकेक पायरी उतरत होत्या. एका बाजूला यादवराव, एका बाजूला हर्षाली. ती वर कधी गेली ते मला कळलं नाही. बाई थेट यादवरावांच्या स्टुलावर बसल्या.

"वाच की. थांबला कामून?"

"काही नाही, आई."

"दादाचं तर रोज वाचीत व्हता. माझं वाचायला लाज वाटती? वाच. मोठ्यानं वाच."

चंदरने वाचलं. अमुक बिल, आई. तमुक माल परत, आई. दोन इंचीच्या जागी अडीच, आई. त्यातली शेवटची चूक त्याची स्वतःची होती, मला माहीत होतं. दुपारी मी तिथेच उभी होते. त्यालाही माहीत होतं. कानापर्यंत लाल झाला.

"लय चुका करती रे मी," वत्सलाबाई म्हणाल्या. "काढून टाकता का मला?"

मग त्यांची काठी चंदरकडे वळली.

"आन तू ताईकडून काय मागितलं म्हणं? एका मशिनीत दोन दुकानं?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हे त्यांना कोणी सांगितलं? मी किशोर आणि हर्षालीखेरीज कोणाजवळ बोलले नव्हते.

"अगं आई, ते नुसतं विचारलं..."

"इचार ना. पण सगळा धंदा एकटी आईच करती म्हणतंय हे मशीन. पाइप ती इकती, मोटारी ती सोडती, चुका ती करती. मंग वाटायचं कोणाकोणात? तू सांग."

पहिला हसला बारकू. मग महेश. मग खुद्द चंदरलाच हसू फुटलं, आणि तो कागदाआड तोंड लपवून उभा राहिला. यादवराव मात्र हसत नव्हते, भिंतीकडे बघत होते. चंदरने कागद घडी करून खिशात घातला. जरा वेळाने बारकूला म्हणाला, "चहा सांग रे सगळ्यांना." आणि मग, भिंतीकडे बघणाऱ्या पाठीला, "दादा, तुम्ही घेणार ना?"

"साखर कमी सांग," यादवराव म्हणाले.

एवढंच. पण मी सात-आठ आठवडे या दुकानात वावरते आहे, आणि चहाला त्या सगळ्यांचे खांदे एकदम खाली आलेले मी पहिल्यांदा पाहिले.

बुधवार, २८ एप्रिल

यादवराव काउंटरवर आहेत. कुलूप अजून लागतं. पडद्यावर येतं, "ही नोंद आई यांनी धरली आहे. कृपया थांबा." आज चंदर कोणावर तरी ओरडायला उठला, संदेश वाचला आणि बसला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "आईनं धरलंय. थांबावं लागेल." गिऱ्हाईकही थांबलं.

वाटणीच्या आराखड्याबद्दल कोणी विचारत नाही. पेठेतला दुसरा दुकानदार येऊन बघून गेला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सगळ्यांना एकच नाव चालतं का?" मी तत्त्वाने "नाही" म्हणणार होते. म्हटलं, "चालतं. पण कोणाचं ते घरात ठरवा."

हे बरोबर झालं का, ठरवता येत नाही. कोणी काय केलं हे कळायला हवं, असं मी अजून मानते. पण कोणाला कळायला हवं, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. कारखान्यात वरचा साहेब असायचा. इथे वर आई आहे, आणि तिला कागदाशिवायच कळतं.

बुधवार, ५ मे

दुपारी जिन्यात जड पावलं वाजली. लाँड्रीवाला चुकून वर आला असेल असं वाटलं. पाहते तर यादवराव, काळा चष्मा लावलेले, मागे महेश.

"ताई, खाली रोडलाच डोळ्याचा दवाखाना हाये. म्हटलं ताईचं हापीस बघून जाऊ."

"काय झालं डोळ्याला?"

"मोतीबिंदू," महेश म्हणाला. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं दिवाळीनंतर. दोन वर्षांपासून व्हतं, पण दादा कोणाला सांगतील तर ना. आईनंच ओढून आणलं. ती म्हणाली, माझ्या नावावर एवढ्या चुका लावतो, तर मला दिसत नाय का तुला दिसत नाय, ते एकदा बघू."

मी खुर्ची पुढे केली.  पडद्याला नाक लावून केलेलं ते पहिलं बिल, नेमकी वरची नाहीतर खालची ओळ, मी वाचलं की बरोबर आणि त्यांनी पाहिलं की चूक. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि खाली मी लिहिलं आहे: लक्ष नाही.

"यादवराव, तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"काय?"

"अक्षरांचं."

"सांगितलं व्हतं का?" ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं, का आठवत नाही असं दाखवत होते? मला अजून कळलेलं नाही. चष्मा जरा वर करून त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. "आता मुंग्या मोजता येत्यात. पण मुंग्याच हायेत."

महेशने पिशवीतून भला मोठा डबा काढून हर्षालीपुढे ठेवला. कुरडया. "आईनं खास तुमच्यासाठी दिल्यात," तो तिला म्हणाला. मी म्हटलं, अहो, एवढ्या कशाबद्दल? हर्षाली घाईघाईने म्हणाली, "मी घालायला मदत केली होती ना, मॅडम!" एका दुपारच्या मदतीच्या मानाने डबा फारच मोठा आहे. पण ही माणसं देताना हात आखडत नाहीत.

ते गेल्यावर हर्षालीला आठवण केली, की सर्व्हरवर आपल्या दोघींची वेगळी नावं करायची राहिली आहेत. ती म्हणाली, "करू या मॅडम. काय घाई आहे?" मी जरा विचार केला. खरं तर घाई काहीच नाही.

घरी चार कुरडया तळल्या. एक करपली. किशोरने तीच उचलून खाल्ली आणि छान झाल्यात म्हणाला. करपवली कोणी, हे दोघांनाही माहीत होतं.

वस्तूचं नाव एका ओळीत बसणार नाही, तर दोन ओळींत बसेल.

उद्या: रायत्यांच्या तिन्ही पडद्यांवरची अक्षरं मोठी करणे.